ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यासाठी स्वयंसेवक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, घणसोली, वाशी, नेरुळ इथले रहिवासी आम्हाला सोसायटीच्या सभांमध्ये, कॉलेजात आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आम्ही वन खात्याचे कर्मचारी नाही. नोकरी-धंदा सांभाळून खाडीसाठी वेळ काढणारी, इथेच राहणारी माणसं आहोत. येण्याआधी हे सगळं वाचाच. काही उत्तरं तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी असतील, विशेषतः झाडं लावण्याबद्दलचं.

अभयारण्य नेमकं कुठे आहे आणि किती मोठं आहे?

ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यानची खाडी आणि तिच्या काठचं कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारं खारफुटीचं (मॅन्ग्रोव्हचं) जंगल. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारनं ते जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर: त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याखालचं क्षेत्र. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. ऑगस्ट २०२२ मध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचा संवेदनशील पट्टा मिळून ६,५२१ हेक्टरला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं. रोज लोकलनं किंवा बसनं वाशीचा पूल ओलांडणारे लाखो लोक या जागेच्या कडेनं जातात, पण खिडकीबाहेर दिसतंय ते अभयारण्य आहे हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

एवढ्या गढूळ, वास येणाऱ्या पाण्यात हे पक्षी येतात तरी कशाला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा.

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, दोन जातींचा. इथे सर्वांत जास्त दिसतो तो लहान रोहित: गडद लाल चोच, उंची जेमतेम तीन फूट. मोठा रोहित अंगानं फिका, उंचीनं बराच जास्त आणि त्याच्या गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं. लहान रोहित चोच उलटी पाण्यात घालून त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. मोठा रोहित चिखलातले बारीक कवचधारी जीव, किडे, शिंपल्यांची पिल्लं खातो. दोघांचा गुलाबी रंग येतो तो याच अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे.

मुंबईच्या खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येनं यायला लागले ते १९९० च्या दशकात. त्यामागचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे खाडीत उतरणारं सांडपाणी. त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावतं आणि उथळ चिखलपट्ट्यांवर लहान रोहितचं ताट वाढलं जातं. यावरून सांडपाणी सोडणं चांगलं असा अर्थ कोणी काढू नये. शेवाळ एका मर्यादेपलीकडे गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. कारखान्यांचं रासायनिक पाणी त्यात मिसळलं तर ते चिखलात साठतं आणि चिखल खाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात जातं. पक्षी आले म्हणजे खाडी निरोगी झाली, असं समजून आपण निश्चिंत बसता कामा नये.

आणि इथे फक्त फ्लेमिंगो नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडून पाणटिवळे, टिलवे, कुरव आणि उचाट्या येतात. बगळे, खंड्या, घारी तर बारमाही. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, उड्या मारत असतात, तिवरांच्या (कांदळवनातल्या एका झाडाच्या) मुळांशी खेकड्यांची बिळं असतात. लोक गुलाबी थवा बघायला येतात आणि निवटीच्या प्रेमात पडून जातात, हे आम्ही कित्येकदा पाहिलंय.

फ्लेमिंगो कधी दिसतात?

साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मे अखेरीस, कधी जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, राहतात. जानेवारी ते एप्रिल हा भर. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या गणनांमध्ये ऐन हंगामात एक लाखाहून जास्त पक्षी मोजले गेले आहेत. पाऊस लागला की बहुतेक पक्षी जातात. भारतातली त्यांची वीण प्रामुख्यानं कच्छच्या रणात होते. राखाडी-मळकट रंगाचे फ्लेमिंगो दिसले तर ते आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात.

वन खातं आहे, कांदळवन कक्ष आहे. मग आमची गरज काय?

वन खात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आणि या अभयारण्याची जबाबदारी त्याच्याकडेच आहे. गस्त, गुन्हे नोंदवणं, रोपवाटिका, ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, तिथली बोटफेरी, हे सगळं त्यांचं काम. पण खाडीचा काठ लांब आहे आणि वनरक्षक मोजके. कुठल्या नाल्याच्या तोंडाशी काल रात्री डंपर रिकामा झाला, कुठल्या तलावात भरतीचं पाणी यायचं थांबलं, कुठे कुत्र्यांची टोळी चिखलात उतरायला लागली, हे आधी कळतं ते रोज सकाळी तिथून फिरणाऱ्या आजोबांना. स्वयंसेवक म्हणजे आमच्या मते हाच: खाडीचा शेजारी. वर्षातून एकदा शंभर माणसांनी येण्यापेक्षा दर पंधरवड्याला तीच दहा माणसं आली तर खाडीचं जास्त भलं होतं, कारण त्या दहांना काय बदललं ते दिसतं.

स्वयंसेवक प्रत्यक्षात काय काम करतात?

कांदळवनातली सफाई, पक्षीगणनेत मदत, शाळा आणि सोसायट्यांमध्ये माहिती देणं, विसर्जनाच्या दिवसांत निर्माल्य गोळा करणं, तक्रारी लिहिणं आणि त्यांचा पाठपुरावा करणं. यातलं शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी. ज्यांना चिखलात उतरणं जमत नाही, पण सरकारी पत्रव्यवहार येतो, अशा निवृत्त मंडळींची आम्हाला कायम गरज असते.

परवानगी लागते का?

हो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात कोणालाही मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. सफाई किंवा अन्य उपक्रमासाठी कांदळवन कक्षाच्या स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयाला आधी पत्र द्यावं लागतं: तारीख, वेळ, ठिकाण, माणसं किती, कचरा कुठे नेणार. ज्या सोसायटीला स्वतंत्र उपक्रम करायचा असेल तिनंही हेच करावं. कांदळवनाचे बरेच पट्टे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, पण सरकारी जमिनीवरचं कांदळवन राखीव वन असल्यामुळे तिथेही खात्याला विचारूनच उतरावं. परवानगी मिळाली की सहसा वनरक्षक सोबत येतात. त्यांचं ऐकायचं.

सफाई कोणत्या वेळी असते? दर रविवारी सातला का नाही ठेवत?

कारण आपलं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. सातला पाणी कमरेएवढं असेल तर कोण काय साफ करणार?

खाडीकाठच्या कोळीवाड्यांतला जुना हिशेब आम्ही प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला शिकवतो. तिथीची पाऊणपट करायची, येतो तो पूर्ण भरतीचा साधारण तास. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सकाळी सहाला. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तेवढा धरायचा. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात आणि नेमक्या वेळेसाठी आम्ही तेच वापरतो, पण कालनिर्णय बघून हिशेब करता आला की खाडी डोक्यात बसते.

यावरून लक्षात येईल की सकाळच्या सफाईला तृतीया ते पंचमीच्या आसपासचा शनिवार-रविवार सोयीचा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे, पाणी फार वेगानं चढतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या भरतीला तेवढा जोर नसतो. ओहोटीची वेळ उलटून तास झाला की सगळ्यांनी बाहेर, मग समोर कचऱ्याचा ढीग असो नसो. या नियमाला अपवाद नाही.

सोबत काय आणायचं? आरोग्याची काय काळजी घ्यायची?

पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, जाड पँट, टोपी, पाण्याची स्वतःची बाटली. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे गटाकडे असतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही. सँडल किंवा चप्पल घालून आलात तर आत सोडणार नाही. चिखलात फुटक्या बाटल्या, खिळे आणि कधी कधी इंजेक्शनच्या सुयाही असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका, काठावर कचरा वर्गवारीचं काम करा. पावसाळ्यात लेप्टोचा (साठलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, तेव्हा साठलेल्या पाण्यातलं काम आम्ही टाळतो. घरी गेल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना खाडीतल्या कामाबद्दल आवर्जून सांगा.

कचरा काढताना काही खास पद्धत आहे का?

तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी हजारो मुळं वर आलेली दिसतात. त्यांतूनच झाड श्वास घेतं. त्यांवर प्लॅस्टिक बसलं की झाड गुदमरतं, म्हणून तर आपण सफाई करतो. पण त्याच मुळांवरून पन्नास माणसं धपाधप चालली तर मुळं मोडतात. म्हणून एका ओळीत चालायचं, आधीच्याच्या पावलावर पाऊल ठेवून. मुळांत गुंतलेली पिशवी ओढायची नाही, कात्रीनं कापून काढायची. खोल रुतलेलं पोतं निघत नसेल तर राहू द्या. कुठल्याही परिस्थितीत कचरा जाळायचा नाही.

गोळा झालेला कचरा गोण्यांमध्ये भरून काठावर आणतो, वेगळा करतो, वजन करून नोंद ठेवतो आणि महापालिकेच्या गाडीत देतो. गाडी आधी ठरवलेली नसेल तर सफाईच ठेवत नाही. काठावर राहिलेल्या गोण्या पुढच्या उधाणाला परत आत जातात.

आत सापडतं काय?

दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, औषधांची पाकिटं, खेळणी, गाद्या. आणि निर्माल्य, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून.

याबद्दल थोडं मोकळेपणानं बोलायला हवं. वाशी, ऐरोली आणि कळव्याच्या पुलांवर गाडी थांबवून लोक निर्माल्य, जुने फोटो, तडा गेलेल्या मूर्ती खाडीत सोडतात. त्यांच्या मनात श्रद्धा असते, देवाच्या गोष्टी कचऱ्यात जाऊ नयेत ही भावना असते. ती भावना आम्हालाही आहे. पण पुलावरून टाकलेली पिशवी दुसऱ्या दिवशी तिवरांच्या मुळांत अडकलेली असते, फोटोची काच चिखलात फुटलेली असते आणि देवाची तसबीर गटाराच्या तोंडाशी उलटी पडलेली असते. ती आम्ही हातानं उचलतो. हे पाहिलेला माणूस परत कधी पुलावर गाडी थांबवत नाही. म्हणून सोसायटीत बोलताना आम्ही ओरडत नाही. फुलं-पानं वेगळी करून कुंडीत किंवा सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात घाला, फोटोची फ्रेम आणि काच सुट्टी करा, मूर्तीसाठी महापालिकेच्या कृत्रिम तलावाचा उपयोग करा, एवढंच सांगतो. गणपतीत आणि नवरात्रात निर्माल्य कलशापाशी उभं राहायला माणसं कायम कमी पडतात, तेव्हा या.

आम्हाला खाडीत झाडं लावायची आहेत. कांदळवनाची रोपं मिळतील का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आमचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच असतं. कारण नीट वाचा.

ओहोटीला उघडी पडणारी चिखलपट्टी लोकांना रिकामी, पडीक वाटते. फ्लेमिंगो, टिलवे, पाणटिवळे यांचं सगळं जेवण त्या ‘रिकाम्या’ चिखलातच असतं. तिथे रोपं लावली आणि ती जगली, तर पक्ष्यांची जागा गेली. ठाणे खाडीत गाळ साचत असल्यामुळे कांदळवन आपलं आपणच चिखलपट्ट्यांवर पसरत आलं आहे. तिवराच्या बिया पावसाळ्यात झाडावरून पडतात, पाण्यावर तरंगत जातात आणि योग्य जागा मिळाली की रुजतात. त्यांना आपल्या हाताची गरज नसते. त्यांना हवी असते ती मोकळी वाट, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याचे रस्ते, ज्यांवर बांध, भराव किंवा कचरा नाही.

जिथे कांदळवन तोडलं गेलं होतं किंवा भराव काढून जागा मोकळी केली आहे, तिथे लागवड होते. ती जागा, जात आणि वेळ कांदळवन कक्ष ठरवतो. अशा लागवडीला आणि रोपवाटिकेत पिशव्या भरायला मदत करता येते. तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी ही झाडं ओळखायला शिका. पांढरी चिप्पी तर २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. पण वाढदिवसाला एक रोप, उद्घाटनाला पाचशे रोपं, असं कृपा करून इथे नको. तो उत्साह आपल्या रस्त्यावरच्या वड-पिंपळाला द्या.

आमच्या कंपनीतून शंभर-दीडशे जणांना एका दिवसासाठी आणता येईल का?

एवढ्या माणसांना एकदम चिखलात उतरवणार नाही. पंचवीसच्या तुकड्या करून वेगवेगळ्या तारखांना आलात तर आनंदानं. बाकीचे काठावर वर्गवारी करू शकतात, जैवविविधता केंद्र पाहू शकतात. बॅनर, एकसारखे टी-शर्ट आणि प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या आणू नका. त्या खर्चात गमबूट, हातमोजे, गोण्या, वजनकाटा घेऊन दिलात तर ते अनेक वर्षं वापरले जातील.

मला पक्षी ओळखता येत नाहीत. गणनेला येऊ का?

या. मोजायला दोन माणसं लागतात, एक बघणारा आणि एक लिहिणारा. लिहिता लिहिता ओळख होते.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, दहांचा तो पट्टा डोळ्यांत बसवायचा, मग तसे किती पट्टे होतात ते पाहायचं. हजारोंचा थवा असेल तर शंभराचा पट्टा घ्यायचा. खाडीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी मोजणी व्हावी लागते, नाहीतर इथून उडालेला थवा तिथे पुन्हा मोजला जातो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तो नवख्यांसाठी चांगला मुहूर्त. आपल्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या की अभ्यासकांनाही वापरता येतात. आकडा फुगवू नका. कमी पक्षी दिसले ही सुद्धा मोलाची नोंद आहे.

फोटो काढायला आत जाऊ का? ड्रोन चालेल?

ड्रोन अजिबात नाही. चिखलात उतरूनही नाही. थवा एकदा उठला की चरण्याचे त्याचे तास बुडतात, आणि ओहोटीचे तास मोजकेच असतात. पक्षी माना वर करून एका दिशेनं चालायला लागले तर तुम्ही जवळ गेलात असं समजा आणि मागे फिरा. थवा उडताना फोटो चांगला येतो म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे लोक दिसले तर त्यांना थांबवा. बोटीतून जाताना नावाड्याला आणखी जवळ न्यायचा आग्रह करू नका, तो अंतर ओळखतो.

जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर?

वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि जागा नेमकी सांगा. पक्षी जिवंत असेल तर गर्दी दूर ठेवा, कुत्री हाकला. चोचीत पाणी ओतू नका, खायला घालू नका. रस्त्यात पडला असेल आणि हलवणं भाग असेल तर पातळ सुती कापड डोक्यावरून टाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. फ्लेमिंगोचे पाय लांब आणि नाजूक, ते दुमडून खोक्यात कोंबू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं स्पर्श करायचा नाही, बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरायची. फोटो, वेळ, जागा नोंदवून कळवायचं. मृत्यूचं कारण तपासणीनंतर कळतं, तोवर व्हॉट्सॲपवर तर्क पसरवू नका.

रात्री डंपर राडारोडा टाकताना दिसला. काय करू?

ड्रायव्हरशी वाद घालायला जाऊ नका. एकट्यानं तर मुळीच नाही. सुरक्षित अंतरावरून गाडीचा नंबर, वेळ आणि जागेचा फोटो घ्या, शक्यतो ज्यात आजूबाजूची ओळखू येईल अशी खूण असेल. १९२६ किंवा ११२ ला कळवा. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार करा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग ‘कोणी काही करत नाही’ म्हणतात.

तुमच्या बाजूनं कायदा भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभरात कांदळवनाची नासधूस करायला मनाई केली आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात धरला. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कांदळवन संरक्षणासाठी समिती आहे, तिच्याकडेही तक्रार देता येते. तक्रार साध्या मराठीत, एका पानात, तारखेसह लिहा आणि पोच घ्या. महिन्यानं त्याच जागेचा त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा आणि स्मरणपत्र लावा. असे जोडीचे फोटो शंभर घोषणांपेक्षा परिणाम करतात.

मी नेरुळला राहतो. अभयारण्य तर वाशी पुलाच्या पलीकडे. मग माझा काय संबंध?

तुमचा संबंध सर्वांत जवळचा. भरती आली की खाडीतल्या चिखलपट्ट्या पाण्याखाली जातात. मग ते हजारो पक्षी जातात कुठे? जवळच्या उथळ पाणथळ जागांवर: नेरुळ-सीवूड्सचा डीपीएस तलाव, टीएस चाणक्य आणि एनआरआय संकुलाजवळचा पाणथळ पट्टा, पलीकडच्या बाजूला भांडुपचं उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन). सहा तास खाडीत, सहा तास तलावावर, असं त्यांचं आयुष्य भरतीच्या तालावर चालतं. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं काही फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले, ते अशाच हालचाली समजाव्यात म्हणून. अभयारण्याची हद्द नकाशावर आहे, पक्ष्यांना ती माहीत नाही. विसाव्याच्या या जागा गेल्या तर खाडी कितीही राखली तरी थवे टिकणार नाहीत.

२०२४ च्या हंगामात डीपीएस तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं, तलाव आटला आणि शेवाळानं भरला. त्याच दिवसांत त्या परिसरात फ्लेमिंगो मेले. आजूबाजूच्या रहिवाशांनी तलावाचे फोटो काढले, पत्रं लिहिली, मानवी साखळी केली आणि विषय सोडला नाही. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या सुमारे तीस एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. नेरुळकरांनो, तलावात पाणी येतंय का, झडप उघडी आहे का, हे रोज फिरायला जाताना बघणं हे तुमचं काम. ते कोणी ऐरोलीहून येऊन करू शकत नाही.

मे २०२४ मध्ये घाटकोपरवर रात्री उतरत्या विमानाला धडकून ३९ फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले, हे सर्वांना आठवत असेल. असे पक्षी रात्रीचे उडतात. पाणथळ जागांच्या काठचे प्रखर दिवे, कमी उंचीवरच्या तारा, मोठे फलक यांबद्दल आम्ही सातत्यानं लिहितो ते म्हणूनच.

कोळी बांधवांचं काय? त्यांना यातून त्रास होत नाही ना?

खाडी आधी त्यांची. दिवाळे, सारसोळे, जुहूगाव, घणसोली, दिवागाव, विटावा, चेंदणी: खाडीकाठची ही गावं शहराच्या कितीतरी आधीपासूनची. बोईट, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या यांवर त्यांची घरं चालली. प्रदूषण आणि भराव यांचा पहिला फटका त्यांना बसला. कांदळवन राहिलं तर मासळी राहते, कारण माशांची पिल्लं तिथेच वाढतात. अभयारण्य जाहीर होताना त्यांच्या मनात शंका होत्या आणि त्या रास्त होत्या. स्वयंसेवकांनी तिथे उपदेश करायला जाऊ नये. जाळी वाळत घातलेल्या असतात त्यांवरून चालू नये, होडीला विचारल्याशिवाय हात लावू नये. कुठला भाग बदलला, कुठे गाळ वाढला, कुठली मासळी दिसेनाशी झाली हे त्यांच्याकडून ऐकून घ्यावं. काठावरच्या मावशींना आणि दादांना जेवढं माहीत आहे, त्यातलं फार थोडं लिहिलं गेलंय.

कांदळवनात कोल्हा दिसला. धोका आहे का?

ऐरोली, खारघर, विक्रोळीच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात. माणसाला टाळतात. त्यांना खायला घालू नका आणि काठावर उष्टं-खरकटं टाकू नका, त्यानं कुत्री आत शिरतात आणि कुत्र्यांकडून कोल्ह्यांना रेबीज होऊ शकतो. कोल्हा दिवसा भटकत असेल, अंगावर येत असेल तर दूर व्हा आणि १९२६ ला कळवा. चावा घेतला तर जखम साबणानं भरपूर धुऊन लगेच रुग्णालय गाठा.

मुलांना आणता येईल? ज्येष्ठांना?

मुलांना पालकांसोबत काठावरच्या कामांना आणि पक्षी बघायला जरूर आणा. चिखलात उतरायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. ज्येष्ठांसाठी काठावरचं आणि कागदावरचं काम भरपूर आहे.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

फ्लेमिंगो नसतात, काम असतं. पुरासोबत नाल्यांतून सर्वांत जास्त कचरा याच दिवसांत येतो. रोपवाटिका, शाळांमधले कार्यक्रम, २६ जुलैचा आंतरराष्ट्रीय कांदळवन दिन, नंतर गणपती, सप्टेंबरमधली किनारा सफाई. पक्षी नसताना येणाऱ्या स्वयंसेवकावर आमचा जास्त भरवसा बसतो.

प्रमाणपत्र मिळतं का? पैसे द्यावे लागतात का?

शुल्क नाही, मानधनही नाही. एनएसएसच्या विद्यार्थ्यांना केलेल्या तासांचं पत्र देतो, न केलेल्या तासांचं देत नाही. केंद्राच्या बोटफेरीचं तिकीट वेगळं, ते वन विभाग घेतो.

पहिल्यांदा येताना कुठे आणि कसं यायचं?

ऐरोली स्टेशनला उतरा आणि रिक्षावाल्याला दिवागावाजवळचं फ्लेमिंगो केंद्र सांगा. आम्ही कामाआधी अर्धा तास तिथल्या दाराशी जमतो. आधी कामाची आणि भरतीची माहिती देतो, ती चुकवलेल्याला आत घेत नाही. आदल्या दिवशी तुमच्या बुटाचा नंबर आणि पोहता येतं की नाही एवढं कळवा. कचरा उचलणं पहिल्या वेळी नाही जमलं तरी हरकत नाही, काठावर उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते बघा. दुसऱ्या वेळी त्याचाच उपयोग होतो.